औषध एकाचे, दुखणे दुसऱ्याचे

अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ (१९५७) हे पुस्तक आम्ही एक संहिता म्हणून वाचतो. होगन यांना छळले ते डावीकडे वळणाऱ्या ‘हुक’ने. सामान्य खेळाडूचे दुखणे नेमके उलटे, म्हणजे ‘स्लाइस’. आघाताच्या क्षणी क्लबचे तोंड फटक्याच्या मार्गाच्या मानाने उघडे राहते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे भरकटतो. होगन यांची पकड हे तोंड मिटू नये म्हणून घडलेली. स्लाइसग्रस्ताने ती गिरवली तर व्याधी बळावते. त्याने हात दांडीवर किंचित उजवीकडे फिरवूनच धरावेत. ग्रंथ खोटा नाही. परंतु लेखकाची व्याधी न ओळखता केलेले वाचन हे निव्वळ अनुकरण होय. समीक्षेचे सिद्धांत उसने घेताना आपण तरी याहून वेगळे काय करतो?