‘कंबरेत’ घेतलेली सुई

‘डॉक्टर, उजव्या पायातली चप्पल निसटते आणि मला कळतही नाही.’ डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर रिक्षा चालवणारे हे गृहस्थ ओपीडीत आले, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती. तीन आठवड्यांपूर्वी कंबर धरली म्हणून त्यांनी घराजवळच्या दवाखान्यात सुई घेतली होती. टोचताक्षणी तळपायापर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ गेली. ‘होतं असं, चोळून घ्या,’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. त्याच संध्याकाळपासून पंजा वर उचलेना. ब्रेकवर पाय ठेवायला जावं, तर बोटं अडकायची.

आपण ‘कंबरेत इंजेक्शन’ म्हणतो, पण सुई देतात कुल्ल्यात. तिथूनच शरीरातली सर्वांत जाड नस, म्हणजे सायटिक नर्व्ह, खाली पायात उतरते. जवळजवळ करंगळीएवढी जाड. कुल्ल्याचे चार भाग कल्पून सुई वरच्या बाहेरच्या भागात द्यायची, हे आम्हाला पहिल्याच वर्षांत शिकवलेलं असतं. पण गर्दीच्या दवाखान्यात पेशंट उभाच असतो, पँट जेमतेम खाली सरकवलेली असते, आणि अंदाज चुकतो. अंगाने बारीक माणसाच्या बाबतीत तर जास्तच. नुसत्या टोचण्याने होत नाही एवढी इजा नसेत उतरलेल्या औषधाने होते.

मुळात कंबरदुखीला ती सुई हवीच होती का? माझ्या मते बहुतेकदा नाही. मणक्यातली चकती सरकून नस दबते, कळ मांडीमागून पोटरीत उतरते, ती आपली नेहमीची सायटिका. हा त्रास बहुतेक रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत ओसरतो. वेदनाशामक गोळी घ्यावी, जमेल तेवढं चालतं-फिरतं राहावं, नंतर फिजिओथेरपी करावी. पंधरा दिवस अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला आता कुणी देऊ नये. गोळी पोटात जाऊ शकत असेल, तर तेच औषध सुईने घेऊन दुखणं लवकर बरं होत नाही. पण सुई दिली नाही तर ‘डॉक्टरांनी काही केलंच नाही’ असं पेशंटला वाटतं, आणि तो दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढेल ही भीती डॉक्टरला असते. दोष दोघांचा आहे, पण जास्त आमचा. शिकलेलो आम्ही आहोत.

लहान मुलांच्या लसी मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, कुल्ल्यात नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. भारतातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. तरी पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला की आजही कळवावं लागतं आणि शौचाचा नमुना तपासावा लागतो. त्यातल्या काही मुलांचं निदान शेवटी ‘इंजेक्शनमुळे नसेला इजा’ असंच निघतं.

सुई टोचताना पायात कळ गेली, तर तिथल्या तिथे ओरडून थांबवायला सांगा. पाय बधिर झाला किंवा पंजा लोंबू लागला, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. नसेची विद्युत तपासणी साधारण तीन आठवड्यांनी नेमकं सांगते, पण पंजाला आधार देणारा पट्टा आणि व्यायाम त्याआधीच सुरू करता येतात. तीन-चार महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर सर्जनचं मत घ्यावं. बधिर तळव्याला खडा टोचलेला कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवे बघा, गरम पाण्याचा शेक टाळा. आणि साध्या सायटिकातही लघवी अडली, किंवा बसायच्या जागेचा भाग बधिर झाला, तर सकाळची वाट पाहू नका. ती तातडीची अवस्था असते.

नस तुटली तर ती पुन्हा वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कुल्ल्यापासून पंजा उचलणाऱ्या स्नायूपर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे वर्ष-दीड वर्ष का म्हणतो ते कळेल. आमच्या रिक्षावाल्यांची नस दुखावली होती, पण पूर्ण तुटली नव्हती. आठव्या महिन्यात अंगठा हलला. तोवर रिक्षा भावाने चालवली, हप्ते मात्र थांबले नव्हते. परवा ते आले ते खोकल्यासाठी, आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, ‘गोळीच द्या हं.’