दारात गाडी, कारण वाड्यावर बस नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातील ४५ टक्क्यांहून अधिक कुटुंबांकडे मोटारगाडी असल्याचे आढळले. देशाची सरासरी त्या वेळी साडेसात टक्क्यांच्या घरात होती आणि दुसऱ्या क्रमांकावरील केरळही एक चतुर्थांशाच्या आसपासच थांबले होते. हा आकडा तेव्हापासून गोव्याच्या सुबत्तेचे प्रमाणपत्र म्हणून मिरवला जातो. दरडोई उत्पन्नात राज्य देशात आघाडीवर असल्याने तो अर्थ सहज पटतोही. परंतु डिचोली, सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यातील एखाद्या वाड्यावर जाऊन अंगणातल्या गाड्या पाहिल्या, तर या प्रमाणपत्राची दुसरी बाजू दिसू लागते. तिथे नव्या, उंच, चकचकीत गाड्या असतातच. पण त्यांच्या शेजारी पत्रा गंजलेली, रंग उडालेली, तिसऱ्या-चौथ्या हातातून आलेली छोटी गाडीही असते. ती घेणाऱ्याने हौस म्हणून घेतलेली नाही. रात्री घरी परतण्याचे साधन हवे होते आणि ते अन्य कोणी पुरवत नव्हते, म्हणून ती दारात आली.

गोव्याच्या वाहतुकीवर जी चर्चा होते ती बहुधा पणजीतील कोंडी, पर्वरीतील उन्नत मार्गाचे काम आणि पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या यांच्याभोवती फिरते. हे प्रश्न खरेच आहेत. मात्र गोमंतकीय माणूस गाडी का घेतो, हा त्याआधीचा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. तो विचारला नाही, तर नियंत्रणाचे सगळे उपाय चुकीच्या जागी लागतात.

वस्तीची रचना हे त्याचे पहिले कारण. ३,७०२ चौरस किलोमीटरचे हे राज्य नकाशावर चिमुकले दिसते, पण इथली घरे एका ठिकाणी दाटलेली नाहीत. गाव वाड्यावाड्यांत पसरलेले, मध्ये शेत, कुळागर, टेकडी, कुठे नदी. मुख्य रस्त्यावरच्या थांब्यापासून घर दोन-तीन किलोमीटर आत असणे यात काही विशेष नाही. कोकण रेल्वे राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते. परंतु ती प्रामुख्याने लांब पल्ल्याची. सकाळी कामावर नेऊन संध्याकाळी परत आणणारी उपनगरी सेवा गोव्यात नाही. राहिली ती बस.

कदंब वाहतूक महामंडळ १९८० साली स्थापन झाले आणि पणजी-मडगावसारख्या मार्गांवर त्याच्या विनाथांबा फेऱ्यांनी लोकांचा विश्वासही मिळवला. तरीही गावोगावची वाहतूक बव्हंशी खासगी बसमालकांच्या खांद्यावर राहिली. यातील बहुतेक मालक एक किंवा दोन बसचे धनी. त्यांचे गणित सरळ आहे. सकाळच्या दोन फेऱ्या आणि संध्याकाळची एक फेरी खच्चून भरते. दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांत डिझेलचाही खर्च निघत नाही. परवान्यावर रात्रीची वेळ लिहिलेली असली, तरी प्रवासी चारच दिसले की फेरी आज चुकते, उद्या चुकते आणि महिन्याभरात ती कायमची बंद होते. त्या चार प्रवाशांचे काय होते? त्यातले दोघे स्कूटर घेतात, एकजण जुनी मोटारगाडी शोधू लागतो आणि चौथी बहुधा नोकरीच सोडते. एकदा स्कूटर घेतलेला माणूस सकाळच्या बसनेही जात नाही. मग सकाळची फेरीही पातळ होते. कोविडच्या टाळेबंदीने या घसरणीला वेग दिला. तेव्हा थांबलेल्या कित्येक फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.

चौथ्या प्रवाशाबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. गोव्यातील बाजारपेठ दुपारी एकच्या सुमारास बंद होते आणि साडेतीन-चारला उघडते. त्यामुळे दुकान रात्री आठ-साडेआठपर्यंत चालते. पणजी, म्हापसा किंवा फोंड्यातील दुकानात काम करणाऱ्या तरुणीचा दिवस तेव्हा संपतो, जेव्हा तिच्या गावाच्या मार्गावर बस मिळेलच याची शाश्वती उरलेली नसते. बसस्थानकावरून मोटारसायकल पायलट मिळू शकतो, पण वीस-पंचवीस किलोमीटरचे भाडे रोज परवडणारे नाही. म्हणून तिला आणायला घरातील कोणीतरी निघते. घरातील गाडीच्या रोजच्या खेपांमध्ये अशा आणण्या-पोहोचवण्याच्या खेपा किती, याची मोजदाद वाहतूक खात्याच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.

काणकोणच्या रुग्णाची गोष्टही तशीच. तातडीचा प्रसंग असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण बांबोळीच्या गोमेकॉत सकाळी लवकर बाह्यरुग्ण विभागात रांग धरायची असेल, वृद्ध आईला डोळ्यांच्या किंवा हृदयाच्या तपासणीसाठी न्यायचे असेल, तर अंधार असतानाच घर सोडावे लागते. परतीची वेळ डॉक्टरांच्या हातात, तपासणीच्या अहवालाच्या हातात. अशा कुटुंबाला ‘गाडी कशाला हवी?’ असे विचारणे म्हणजे चेष्टाच ठरेल.

या गाडीची किंमत मात्र कुटुंबाला रोज मोजावी लागते. डिचोलीच्या परिसरातून सुमारे ३० किलोमीटरवरील पणजीत महिन्याचे २५ दिवस कामाला येणाऱ्याचा प्रवास १,५०० किलोमीटर होतो. जुनी गाडी लिटरला १६ किलोमीटर देते असे धरले आणि पेट्रोलचा दर ९६ रुपये धरला, तरी केवळ इंधनाचे महिन्याला ९,००० रुपये होतात. विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि पावसाळ्यात गाडीच्या तळाला लागणारा गंज हे सगळे वेगळे. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे गोव्यात गाडीचा पत्रा इंजिनाच्या आधी मरतो, हे इथल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला ठाऊक असते. त्यातच २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्रास मिळू लागल्याने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांबद्दल आणि घटलेल्या मायलेजबद्दल मालकांच्या मनात धास्ती आहे. ज्याचा पगार वीस-बावीस हजार आहे, त्याच्यासाठी हा खर्च उत्पन्नाचा मोठा लचका तोडणारा आहे.

म्हणून तो स्कूटरकडे वळतो. तेवढ्याच अंतरासाठी स्कूटरला महिन्याला सुमारे ३,२०० रुपयांचे पेट्रोल पुरते. हिशेब जुळतो, पण त्याची दुसरी बाजू पोलिसांच्या नोंदवहीत दिसते. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत राज्यातील रस्त्यांवर दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत सर्वाधिक दुचाकीस्वार होते. प्रत्येक अपघातानंतर भरधाव वेग, मद्यपान आणि हेल्मेट यांवर बोलले जाते, ते योग्यच. परंतु रात्री नऊनंतर, पावसात, दिवे नसलेल्या रस्त्यावरून तीस किलोमीटर दुचाकी हाकण्याची वेळ त्या माणसावर का येते, हा प्रश्न पंचनाम्यात बसत नाही.

आता सरकारी उपायांकडे पाहू. ते मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार रस्ता रुंद करण्याचा. मांडवीवरील अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला, झुआरीवरील आठपदरी पुलाची पहिली बाजू २०२२ च्या अखेरीस आणि दुसरी वर्षभराने. कुठ्ठाळीतील तासन् तासांची कोंडी ज्यांनी भोगली आहे त्यांना या पुलाचे मोल सांगायला नको. पण पुलावरून सुसाट आलेली गाडी मेरशीच्या चौकात किंवा पणजीच्या तोंडाशी येऊन थांबतेच. पूल गाडीवाल्याला वेळ देतो. गाडी नसलेल्याला बस देत नाही. नव्या पुलांवरून ठरावीक अंतराने धावणाऱ्या बसचा विचार पुलाच्या आराखड्याबरोबरच झाला असता, तर आजचे चित्र थोडे वेगळे दिसले असते.

दुसरा प्रकार गाडी महाग करण्याचा. पंधरा वर्षे झालेल्या मोटारगाडीची पुनर्नोंदणी एके काळी ६०० रुपयांत होत असे. एप्रिल २०२२ पासून तिला ५,००० रुपये पडू लागले आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारगाडीसाठी हे शुल्क १०,००० रुपये केले. प्रदूषण करणारी जुनी वाहने रस्त्यावरून हटावीत, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. मात्र वीस वर्षांची गाडी कोण वापरतो? ज्याला नवी घेणे शक्य आहे तो तर नक्कीच नाही. शहरातील ज्या घरात तीन गाड्या आहेत त्या घराला या अधिसूचनेचा ओरखडाही उठत नाही.

पणजीतील पे-पार्किंगबाबत मात्र वेगळी भूमिका घ्यावी लागेल. अठरा जून मार्गावर दिवसभर फुकट गाडी उभी करण्याचा हक्क कोणालाही नसावा. पाटोवरील बहुमजली वाहनतळ हाकेच्या अंतरावर असताना पदपथालगत दुहेरी रांग लावणारे बरेचसे लोक सक्षम असतात, आळशी असतात. त्यांच्याकडून शुल्क घेणे न्याय्यच. आक्षेप आहे तो इतकाच, की हा पैसा बससेवेकडे वळताना दिसत नाही. २०२५ साली महाराष्ट्रात नवी गाडी घेणाऱ्याकडे पार्किंगची जागा असल्याचा पुरावा मागण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा गोव्यातही तसा नियम हवा, असा सूर उमटू शकतो हे उघड होते. मुंबईसाठी तो कदाचित ठीक असेल. गोव्यात त्याचा उपयोग शून्य. इथे गाडीला घरी अंगण आहे, माडाची सावली आहे. जागा नाही ती गाडी जिथे पोहोचते त्या बाजारात, इस्पितळात, कचेरीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे अंगणाचा पुरावा असेल आणि तरीही बाजार तुंबलेलाच राहील.

गाडीचा भार हलका करण्यासाठी काही कुटुंबांनी जी वाट धरली आहे, तिची दखल घेणे भाग आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकाला भाड्याने देणे बेकायदा आहे. त्यासाठी काळी पाटी, पिवळी अक्षरे आणि परवाना लागतो. परवान्याचा मार्गही सोपा नाही, कारण १९८९ च्या केंद्रीय रेंट-अ-कॅब योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असण्याची अट आहे. किनारपट्टीवर पांढऱ्या पाटीच्या गाड्या राजरोस भाड्याने जातात. दिवसाला हजार-दोन हजार सुटतात, हप्ता निघतो. पण खासगी वापराच्या विमापत्रात भाड्याने दिलेल्या गाडीला संरक्षण नसते. पर्यटकाने अपघात केला की विमा कंपनी हात वर करते आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या, म्हणजे पर्यायाने त्याच्या घरादाराच्या, मानगुटीवर बसू शकतो. टॅक्सी व्यावसायिकांचा या प्रकाराला असलेला विरोध धंद्याच्या स्पर्धेतून येतो असे गृहीत धरले, तरी त्यांचा मुद्दा चुकीचा ठरत नाही.

मग करायचे काय? राज्याला नवे काही शोधण्याची गरज नाही. ‘म्हजी बस’ योजनेचे तत्त्व योग्य आहे: खासगी बसमालकाला किलोमीटरप्रमाणे मोबदला आणि तिकिटाचा महसूल महामंडळाकडे. मोबदला प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून नसेल, तर चार प्रवासी घेऊन रात्रीची फेरी करण्यात मालकाचे नुकसान नाही. पणजी शहरात कदंबच्या विजेवरील बस धावू लागल्यावर खासगी बसमालकांनी जो विरोध केला, तोही अशा करारातून बराचसा शमवता येईल. प्रश्न आहे तो या योजनेत कोणते मार्ग आणि कोणत्या वेळा घ्यायच्या याचा. सकाळच्या भरलेल्या फेऱ्यांना सरकारी पैसा देऊन काहीच बदलणार नाही. त्या फेऱ्या आपल्या बळावर चालतात.

पणजी, मडगाव, म्हापसा आणि फोंडा या चार स्थानकांवरून रात्री साडेनऊची एक आणि साडेदहाची एक अशा दोन फेऱ्या तालुक्याच्या प्रत्येक मुख्य मार्गावर सक्तीच्या कराव्यात. त्यांचे वेळापत्रक वर्षभर बदलू नये आणि पाऊस, चतुर्थी, रविवार यांपैकी कशासाठीही त्या रद्द होऊ नयेत. वाळपईची साडेदहाची बस पहिले काही महिने जवळजवळ रिकामी जाईल. विरोधी पक्ष विधानसभेत तिच्या तोट्याचा आकडा मागतील आणि वित्त खाते भुवया उंचावेल. तरीही ती सुटली पाहिजे, कारण बस आहे यावर विश्वास बसल्याशिवाय कोणी स्कूटर विकत नाही आणि तो विश्वास बसायला एक पूर्ण पावसाळा तरी जावा लागतो. रिकाम्या फेरीचा खर्च किलोमीटरच्या दराने आधीच ठाऊक असतो. त्यामुळे तो पे-पार्किंगच्या उत्पन्नातून भागवायचा, की अर्थसंकल्पातून, एवढाच निर्णय सरकारला घ्यायचा आहे.