बायोमध्ये 'तळोजा' लिहायला काय होतं?

इन्स्टावर दर दोन दिवसांनी कुणीतरी नवा टेम्प्लेट घेऊन येतं. 'माझ्याबद्दलच्या पाच गोष्टी'. 'तुमचं कम्फर्ट फूड सांगा'. 'तुमच्या गावातली अशी सवय सांगा, जी बाहेरच्यांना विचित्र वाटते'. आपण स्टोरीवर टॅप करतो, 'ॲड युवर्स' दाबतो आणि आपलंही एक उत्तर चिकटवून मोकळे होतो. मग दुसऱ्यांची उत्तरं बघत बसतो. आणि तिथेच मजा संपते. कारण ती सगळी सारखीच असतात. पाऊस, कटिंग चहा, मरीन ड्राइव्ह, वडापाव, 'मी खूप ओव्हरथिंक करते'. फोटो वेगवेगळे, माणूस मात्र एकच.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या आवडीनिवडी, खोडी, गावच्या सवयी ऑनलाइन सांगण्यात काहीच वाईट नाही. वाईट हे आहे की आपण त्या सांगतच नाही. आपण दुसऱ्या कुणाच्या तरी सांगतो.

हा प्रकार तसा जुनाच. शाळेत दहावीच्या शेवटच्या महिन्यात स्लॅम बुक फिरायची. आवडता रंग, आवडता हिरो, आवडती भाजी, 'माझ्यातली न आवडणारी गोष्ट'. युरोपात एकोणिसाव्या शतकात असेच प्रश्नांचे छापील अल्बम घरोघरी असायचे. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तने विशीच्या आत असताना असा एक भरला होता, आणि तेवढ्यावर 'प्रूस्त क्वेश्चनेअर' हे नाव आजही मासिकांमधल्या मुलाखतींत वापरलं जातं. २००९ मध्ये फेसबुकवर 'माझ्याबद्दलच्या २५ गोष्टी' लिहून मित्रांना टॅग करायची लाट आली होती. म्हणजे स्वतःची यादी करायची हौस माणसाला पहिल्यापासून आहे.

बदललाय तो वाचणारा. स्लॅम बुक वर्गातली पोरं वाचायची. तिथे 'आवडती भाजी : शेवग्याच्या शेंगा' लिहिलं की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, 'खोटं बोलते, डब्यात रोज बटाटाच असतो!' खोटं चालायचं नाही आणि समजावूनही सांगावं लागायचं नाही. आता वाचणारा अनोळखी आहे. त्याला समजावं म्हणून आपण आपल्यातलं जे वेगळं, तेच आधी गाळतो. सुकटीच्या जागी 'सीफूड' लिहितो, मेमूच्या जागी 'लोकल' लिहितो. आणि तळोज्याच्या जागी 'मुंबई'.

हो, मी तळोज्यात राहते. आमच्या भागातल्या मुलामुलींचे बायो बघा. लोकेशनच्या लाल टाचणीपुढे 'मुंबई' असतं, फार तर 'नवी मुंबई'. तोंडी विचारलं तर उत्तर येतं, 'खारघरच्या पुढे'. पुढे म्हणजे कुठे, ते कुणी विचारू नये अशी अपेक्षा.

लाजण्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. तळोजा म्हटलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात. एक, तुरुंग. बातम्यांमध्ये 'तळोजा कारागृहात रवानगी' हे इतक्या वेळा येतं की कॉलेजात कुणी ना कुणी 'सुटलीस कधी?' हा जोक मारतोच. दोन, एमआयडीसी आणि तिचा वास. तीन, निळे कुत्रे. ऑगस्ट २०१७ मध्ये एमआयडीसीतल्या भटक्या कुत्र्यांच्या अंगावर निळा रंग चढलेले फोटो जगभर फिरले. ज्यांनी आयुष्यात पनवेलचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांनी आमचे कुत्रे बघितले.

आता गंमत बघा. ही तिन्ही उत्तरं आमच्याबद्दल दुसऱ्यांनी दिलेली आहेत. 'तुमच्या गावाबद्दल सांगा' हा टेम्प्लेट आमच्यासाठी आधीच भरून झालाय, आणि आम्ही गप्प बसून त्यावर 'मुंबई' असा स्टिकर लावतोय.

मग आमचं उत्तर काय असेल? मी एकदा बसून यादी केली. पहिली गोष्ट, आमच्या गावाच्या नावावर आमचंच एकमत नाही. स्टेशनच्या नावात तळोजे पाचनंद, बोलताना तळोजा, आणि मूळच्या आगरी घरांत 'ळ' चा 'ल' होऊन तलोजा. दुसरी, आम्ही पत्ता सांगायला सुरुवात केली की समोरचा विचारणार, 'फेज वन की फेज टू?' तिसरी, रात्री हवेत वास सुटला की घरातलं कुणीही न बोलता उठून खिडकी लावतं. पाहुणा असेल तर तो दचकतो, आमचं ताट चालूच असतं. चौथी, आम्ही अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही, 'मेट्रोच्या आधी' आणि 'मेट्रोच्या नंतर' असं सांगतो. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. ११ स्टेशनं, जेमतेम ११ किलोमीटर. तेवढ्या ११ किलोमीटरसाठी त्याआधी किती वेळ रिक्षाची वाट बघितलीय, ते आम्हालाच ठाऊक. दिवा-पनवेल मार्गावरचं आमचं जुनं स्टेशन मात्र अजून मेमूच्याच वेळापत्रकावर जगतं. ती चुकली की पुढचा सगळा दिवस चुकतो.

आणि पाचवी, आमच्या लिफ्टमधला वास. रविवारी दुपारी तळमजल्यावरून वर जाताना एका मजल्यावर सुक्या बोंबलाचा, पुढच्यावर नारळाच्या तेलात परतलेल्या कढीपत्त्याचा, त्याच्या वर मोहरीच्या तेलाचा. सिडकोच्या आणि बिल्डरांच्या इमारतींनी साताऱ्यापासून बिहारपर्यंतची माणसं इथे एकावर एक रचून ठेवली आहेत. 'गाव कोणतं?' असं विचारलं की यातला प्रत्येक जण वेगळ्याच जिल्ह्याचं नाव घेतो. मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीचं घेते, जिथे मी वर्षातून आठ दिवस असते. उरलेले दिवस जिथे जगते, त्याला 'गाव' म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही. म्हणूनच त्याच्या सवयीही कुणी सांगत नाही.

ज्यांचं हे खरोखरच गाव आहे, त्यांच्याकडे सांगण्यासारखं किती आहे! पोपटीच घ्या. भातकापणी झाली की रायगडात त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतात. थंडीत शेंगा भरल्या की मडकं बाहेर निघतं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवं तर बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने शेंगा पाल्याच्या वासात शिजून निघतात. आमच्याकडे दोन टॉवरच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवर अजून हा जाळ पेटतो. शेंगा मात्र आता बरेचदा बाजारातून आणाव्या लागतात, कारण वाल जिथे व्हायचा तिथेच टॉवर उभे आहेत.

पोपटीचे रील्स ढिगाने आहेत, मान्य. फार्महाऊसवाले 'पोपटी पार्टी'चं पॅकेजही विकतात. पण त्यातल्या बऱ्याच रील्समध्ये मडकं फुटताना दिसतं, शेंगा दिसतात, ट्रेंडिंग गाणं वाजतं आणि संपतं. भांबुर्डा कुठे उगवतो, मडकं उलटं का ठेवतात, हे ज्या आजीला माहीत आहे, ती फ्रेममध्ये नसते. मैत्रिणीच्या आजीला मी विचारलं तर ती म्हणाली, 'पाला नाय तं पोपटी नाय, नुसत्या उकरलेल्या शेंगा.' उकडलेल्या नाही, उकरलेल्या! हे एक वाक्य रेकॉर्ड करून टाकलं असतं तर कुठल्याही ड्रोन शॉटपेक्षा जास्त सांगून गेलं असतं.

बोलीचं तर अजून वेगळं. आगरी बोलणाऱ्या मुलांना शाळेत 'शुद्ध बोल' हे ऐकावंच लागतं. मग ती पोरं घरात एक आणि कॅमेऱ्यासमोर दुसरं बोलायला शिकतात. विनायक माळीने यूट्यूबवर आगरीतच विनोदी व्हिडिओ केले आणि लाखो लोकांनी ते बघितले. त्यात ज्यांना आगरीचा गंधही नाही असेही होते. त्याने बोली सोपी करून, धुऊन-पुसून दिली नव्हती. जशी आहे तशी दिली. तरी लोकांना कळली. 'समोरच्याला समजणार नाही' ही आपली भीती किती फुकटची असते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. पण इथे एक धोका आहे, तोही सांगायला हवा. बोलीतलं जे व्हायरल झालं, तेवढंच समाजाचं चित्र बनतं. हळदीतला नाच आणि गळ्यातली सोन्याची चेन, बस, आगरी माणूस संपला. म्हणूनच सांगणारे एक-दोन असून चालत नाही. भरपूर लागतात. अभ्यास करणाऱ्या, मेमू पकडणाऱ्या, नाच न येणाऱ्या आगरी मुलांनीही बोलायला हवं.

'पण हे सगळं सांगून होणार काय?' असं आमच्या घरातही विचारतात. होतं. निळ्या कुत्र्यांची गोष्ट पुन्हा आठवा. ते फोटो कुणीतरी काढले, शेअर केले. प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांनी तक्रार केली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला संबंधित कारखान्यावर कारवाई करावी लागली. कासाडी नदीत सांडपाणी जात असल्याची तक्रार इथले लोक त्याआधीही करत होते. पुढे हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. जी नदी एरवी कुणी बघितली नसती, ती कुत्र्यांच्या निळ्या पाठींमुळे दिसली. 'आमच्याकडे रात्री खिडक्या लावतात' ही आमच्यासाठी एक गमतीशीर सवय आहे. पण शंभर जणांनी तारखेसह ती लिहिली, तर ती नोंद होते. सवय झाली म्हणून ज्याबद्दल आपण बोलायचं थांबतो, ते बाहेरच्याला सांगताना आपल्यालाच कळतं की अरे, हे नॉर्मल नाहीये!

आता दुसरी बाजू. सगळं सांगा म्हणजे काहीही सांगा असं नाही. 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव, पहिल्या पेटचं नाव, आवडती टीचर' विचारणारे क्विझ गोड दिसतात. पण पासवर्ड विसरल्यावर वेबसाइट जे सिक्युरिटी प्रश्न विचारतात, ते आठवून बघा. तेच आहेत! आणि २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी क्लासमध्ये नोट्स म्हणून लिहून घेतलंय. एका पर्सनॅलिटी क्विझच्या ॲपमधून ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक युजर्सचा डेटा गेला असावा, असं फेसबुकने सांगितलं होतं. त्यातला भारताचा आकडा बोलका आहे. ॲप घेतलं होतं ३३५ जणांनी, आणि फटका बसला असण्याची शक्यता होती ५ लाख ६२ हजारांहून जास्त लोकांना. म्हणजे क्विझ एकाने खेळायची आणि माहिती मित्रांची जायची. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण कायदा असला तरी तुम्ही हाताने टाकलेली स्टोरी तो परत आणून देणार नाही.

त्यामुळे मी स्वतःपुरती एक रेघ आखली आहे. सवय सांगायची, वेळापत्रक नाही. मला मेट्रोत खिडकीशी उभं राहायला आवडतं, हे सांगेन. रोज कितीच्या मेट्रोने जाते, हे नाही. लिफ्टमधला वास सांगेन, विंग नाही. आजीची पोपटी दाखवेन, पण आजीला विचारून आणि तिचं नाव-गाव तिला हवं तेवढंच देऊन. मुलींना हे वेगळं समजवावं लागत नाही. मुलांनीही जरा विचार करावा, कारण तुमच्या लाइव्ह लोकेशनमध्ये तुमच्यासोबत बसलेली मैत्रीणही असते.

आणि हे फक्त तळोज्याचं नाही. कळंबोली, दिवा, मुंब्रा, नालासोपारा, बदलापूर... मुंबईच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाकडे असा एक पत्ता आहे जो तो खाल्ल्या आवाजात सांगतो. मुंबईला आपल्या वडापावबद्दल अजून एक पोस्ट नकोय. तिच्याकडे त्या पुरेशा आहेत. तुमच्या स्टेशनबाहेर संध्याकाळी नेमकं काय तळलं जातं, तुमच्या चाळीत पाणी आल्याची वर्दी कोण देतं, तुमच्याकडे कुठला शब्द असा आहे जो पुढच्या स्टेशनवर कुणाला कळत नाही, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

तेव्हा पुढचा टेम्प्लेट आला की उत्तर टाइप करायच्या आधी एवढंच बघा : हेच उत्तर पुण्यातली किंवा दिल्लीतली कुणी अनोळखी मुलगी देऊ शकली असती का? देऊ शकली असती, तर खोडा आणि दुसरं लिहा. आणि तळोजेकरांनो, सुरुवात बायोपासून करूया. 'मुंबई' काढा, 'तळोजा' लिहा. तळोजे लिहा, तलोजा लिहा, भांडण आपण कमेंट्समध्ये करू. आणि कुणी 'सुटलास कधी?' विचारलंच, तर त्याला थंडीत पोपटीला बोलवा. फेज वन की फेज टू, ते तेवढं नीट सांगा.