आरतीखालचा प्लास्टिकचा गालिचा

गेल्या गणपतीत लालबागला मावशीकडे होतो. चाळीच्या पॅसेजमध्ये आरती, खाली नवाकोरा लाल गालिचा. आरती ओवाळताना कापराची पेटती वडी खाली पडली. एका पोराने ताम्हन उपडं घालून विझवली, पण तेवढ्यात रुपयाएवढं भोक पडलंच. वितळलेला थेंब शेजारच्या मुलीच्या पायाला चिकटला, फोड आला. नशीब, एवढ्यावर भागलं.

दुकानात कार्पेट म्हणून मिळणारा हा स्वस्त माल बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच. १६० अंशांच्या आसपास तो वितळतो आणि मग पेटतो. लोकर वितळत नाही. करपते, केस जळल्याचा वास येतो, आणि ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. लोकर जळत राहायला साधारण २५ टक्के ऑक्सिजन लागतो, हवेत आहे २१ टक्के. गालिचाचा एक धागा काढून काडी लावून बघा. राख चुरगळली तर लोकर, कडक मणी झाला तर प्लास्टिक. ('वूलन' म्हणून गळ्यात मारलेलं बरंचसं ॲक्रिलिकच निघतं.)

मावशीच्या माळ्यावर काकांचं जुनं घोंगडं आहे. काका गावाकडून गिरणीत आले ते वळकटीत हेच घेऊन. १९८२ च्या संपात गिरणी गेली, घोंगडं राहिलं. चिंचोक्याची खळ दिलेलं, अजून टोचतं!

आता लोकरीचं कौतुक किती करायचं? मुंबईच्या पावसात घोंगडं चार-चार दिवस वाळत नाही, वास मारतं, कसर लागते. दहा बाय बाराच्या खोलीत वाळत घालणार कुठे? प्लास्टिक झटकलं की झालं. शिवाय स्वस्त. त्यामुळे अख्ख्या मंडपात घोंगडी अंथरा असं मी म्हणणार नाही.

पण निरांजन आणि कापूर जिथे पेटतो, तेवढ्या जागेत प्लास्टिक नको. तिथे फरशी उघडी ठेवा, नाहीतर एक घोंगडं टाका. कोल्हापूरजवळ पट्टणकोडोलीत सनगर कुटुंबं ती हातमागावर विणतात. आमच्याकडच्या धनगरांना मेंढरं कातरायची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, कित्येक जण ती टाकून देतात. लाखोंची सजावट करणाऱ्या मंडळाला एक घोंगडं जड नाही.

मावशीच्या चाळीच्या सेक्रेटरींना मी हे सांगितलंय. म्हणाले, "मीटिंगमध्ये घेतो." यंदा आरतीला पुन्हा जाणार आहे, तेव्हा आधी खालीच बघेन.