इंजिन बंद असताना झोप लागेल अशी केबिन द्या

मा. श्री. गिरीश वाघ,
व्यवस्थापकीय संचालक, टाटा मोटर्स



२००५ साली टाटा एस बाजारात आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ करून टाकले. तो प्रकल्प आपल्याकडे होता. गाडी कागदावर उतरण्याआधी आपली माणसे तीनचाकी टेम्पोवाल्यांना जाऊन भेटली, त्यांना काय हवे ते विचारत फिरली. चार चाकांची गाडी असली तर लग्न जमायला सोपे जाईल, असे एका चालकाने सांगितल्याची गोष्ट वाहनउद्योगात अजून सांगतात. टेम्पोवाल्याला विचारले गेले, म्हणून गल्लीबोळात चालणारी गाडी तयार झाली. मोठ्या ट्रकच्या बाबतीतही तसेच व्हावे, यासाठी हे पत्र.

मी नाशिक जिल्ह्यातला ट्रकचालक. कांदा, सिमेंट, लोखंडाच्या कॉइल, न्हावा शेव्याचे कंटेनर, जे भाडे मिळेल ते ओढत आलो. कोणत्या कंपनीच्या गाड्या चालवल्या ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते दुखणे कुणा एका कंपनीचे नाही. आपल्याला लिहितो आहे ते आपण देशातली सर्वांत मोठी ट्रक कंपनी चालवता म्हणून. आपण केबिनमध्ये एखादी गोष्ट कायमची बसवली की बाकीच्यांनाही ती आज ना उद्या बसवावी लागते.

१ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आपल्या लक्षात असेलच. त्या दिवसापासून आपला व्यापारी वाहनांचा व्यवसाय मोटारींपासून वेगळा झाला. आणि त्याच दिवसापासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. ज्यांनी हा नियम आणला त्यांचे आम्हा चालकांवर उपकार आहेत. इंजिनाच्या डोक्यावर बसून, समोरच्या काचेतून आत येणारे ऊन अंगावर घेत ज्याने नागपूर ते रायपूर गाडी हाकली असेल, त्यालाच त्या गार वाऱ्याची किंमत कळते.

पण हा एसी इंजिनावर चालतो, आणि चालकाचा निम्मा वेळ गाडी उभी असताना जातो.

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या सिमेंट कारखान्याबाहेरची रांग पाहा. पारा पंचेचाळीसच्या वर. दुपारी आलेल्या गाडीचा नंबर पहाटे लागतो. पत्रा रात्री अकरालाही हाताला चटका देतो. इंजिन चालू ठेवून एसी लावावा तर डिझेल जळते. मोठे इंजिन नुसते उभ्याने चालू ठेवले तरी तासाला दीड-दोन लिटर जाते. आठ तासांचे बारा ते सोळा लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी एका रात्रीच्या झोपेची किंमत हजार ते चौदाशे रुपये झाली. मालक ती देणार नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण भाड्यातून हप्ता, टोल, टायर काढल्यावर त्याच्या हातात फार काही उरत नाही. आता तर गाडी किती वेळ उभ्याने चालू होती हे त्याला घरबसल्या मोबाइलवर दिसते. दहाव्या मिनिटाला फोन येतो, ‘गाडी बंद कर.’

मग चालक काय करतो? ट्रेलरच्या खाली, दोन बाजूंच्या चॅनेलला ताडपत्रीच्या तुकड्याची झोळी बांधतो आणि तिच्यात झोपतो. वर ट्रेलर, शेजारी टायर. डास असतात, डांबराची वाफ असते, पण केबिनपेक्षा तिथे बरे वाटते. तासाभराने रांग पुढे सरकते, मागचा हॉर्न मारतो, झोळी सोडायची, एक गाडीभर अंतर पुढे जायचे, पुन्हा झोळी बांधायची. पहाटे चारला माल भरून होतो आणि साडेचारला तोच माणूस चाळीस-पन्नास टनांची गाडी घेऊन महामार्गावर येतो. आपली मोटार घेऊन त्याच रस्त्यावर निघालेल्या कुटुंबाला कल्पनाही नसते की समोरून येणाऱ्या चालकाचा रात्रीत डोळ्याला डोळा लागलेला नाही.

म्हणून पुढच्या ट्रकमध्ये पहिली गोष्ट हवी ती ही: इंजिन बंद असताना चालणारा, बॅटरीवरचा छोटा एसी. पूर्ण केबिन बर्फासारखी गार करायची गरज नाही, फक्त बर्थपुरती हवा गार झाली तरी पुरे. गाडीच्या नेहमीच्या दोन बॅटऱ्यांवर तो रात्रभर चालवला तर सकाळी सेल्फ लागणार नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून त्याला वेगळी बॅटरी द्या, दिवसभर गाडी चालताना अल्टरनेटरवर भरून राहणारी, आणि ती उतरली तरी इंजिन चालू होण्याशी तिचा संबंध नसावा. परदेशात अशी यंत्रे लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये बसवतात. व्होल्वोने १९७९ मध्येच ग्लोबट्रॉटर नावाची उंच छताची केबिन आणली. चालक तिथे मुक्काम करतो हे गृहीत धरून ती बांधली होती. आपल्या कंपनीने तर जुलै २०२५ मध्ये इटलीची इव्हेको घेण्याचा करार जाहीर केला. युरोपातल्या चालकाला कसे झोपवतात हे ज्ञान आता आपल्या घरचेच होणार आहे. त्यातले आमच्या वाट्याला काय येणार, हा माझा प्रश्न आहे.

इथे एक विनंती कळकळीने करतो. या गोष्टी ‘पर्यायी’ म्हणून देऊ नका. ट्रक मालक विकत घेतो आणि त्यात राहतो चालक. शोरूममध्ये यादी समोर आली की मालक प्रत्येक ओळीपुढचा आकडा बघतो आणि ज्या ओळीने भाडे वाढत नाही ती खोडतो. बर्थची जाड गादी खोडली जाते, हवेवर डोलणारी सीट खोडली जाते, उभ्या गाडीतला एसी तर पहिल्याच नजरेत जाईल. कायद्याने एसी सक्तीचा केला तो याचसाठी. एरवी तो कुणीही मागू शकत होते, मागितला फार थोड्यांनी. जे चालकाच्या झोपेचे आणि जिवाचे आहे, ते गाडीच्या किमतीतच धरा, चाके आणि ब्रेक धरता तसे.

दुसरे सांगायचे ते एकटेपणाबद्दल. २०१८ साली दोन गोष्टी झाल्या. जुलैत ट्रकची भारमर्यादा वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढली आणि त्याच वर्षी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असण्याची सक्ती उठली. गाडी जड झाली आणि आत माणूस एकच राहिला. क्लीनरही हळूहळू दिसेनासा झाला, कारण त्याचा पगार परवडत नाही आणि नवी पोरे या धंद्यात यायला तयार नाहीत. क्लीनर नुसत्या काचा पुसत नव्हता. चौकात वळताना तो डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला असायचा, दारावर हाताने थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब, सलग थापा म्हणजे जाऊ दे. ट्रकच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी दाराला चिकटून, दुचाकी उभी असेल तर उंचावर बसलेल्या चालकाला ती दिसतच नाही. पुण्या-मुंबईत सिग्नल सुटल्यावर डावीकडे वळणाऱ्या ट्रकखाली दुचाकीवाले सापडतात, त्यातले कित्येक अपघात याच आंधळ्या कोपऱ्यात होतात. गर्दी चालकाला धरून मारते. त्याने पाहिले नाही हे खरे असते, आणि त्याला दिसत नव्हते हेही खरे असते.

लंडनमध्ये अवजड ट्रकला शहरात येण्याआधी चालकाला केबिनमधून थेट किती दिसते यावर गुण देतात. कमी गुण असतील तर कॅमेरे आणि सेन्सर लावल्याशिवाय परवाना नाही. आपल्या पुढच्या केबिनच्या डाव्या दारात खाली काच द्या, समोरच्या कोपऱ्यावर खाली पाहणारा आरसा द्या आणि डाव्या बाजूला कॅमेरा द्या. त्याचा पडदा मात्र आरशाच्या जवळ ठेवा, गिअरजवळ नको, कारण वळताना नजर तिकडे जात नाही. क्लीनरची थाप आता गाडीनेच मारली पाहिजे.

उताराचे बोलणे टाळता येणार नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. त्यानंतरही तिथे माणसे मेली आहेत. डिझेल वाचवायला चालक गाडी न्यूट्रल करून सोडतात, हे सगळे म्हणतात, पाट्याही लागल्या आहेत. ही सवय आली कुठून, याचा विचार करा. जुन्या इंजिनांच्या काळात उस्तादाने शिष्याला शिकवलेली ती गोष्ट आहे, आणि वाचवलेल्या डिझेलवर कित्येकांचा वरचा पैसा चालतो. पण आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक इंजिनाला डिझेल देणेच बंद करतो. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते. म्हणजे न्यूट्रलने जीवही धोक्यात येतो आणि डिझेलही जाते. ही गोष्ट चालकाला पाटी लावून पटणार नाही, ती त्याला मीटरवर दिसली पाहिजे. उतारावर गिअरमध्ये असताना डिझेलच्या जागी मोठ्या अक्षरात शून्य दाखवा. त्याने न्यूट्रल केले की तो आकडा वर चढताना दिसू द्या. ट्रकचालक हिशेबाचा पक्का असतो, दहा ट्रिपांत तो स्वतः दुसऱ्याला सांगायला लागेल. आणि त्यासोबत घाटात चालणाऱ्या प्रत्येक जड गाडीत रिटार्डर, म्हणजे पायाच्या ब्रेकशिवाय वेग रोखणारे यंत्र, द्या. लाइनर तापून धूर निघाल्यावर पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो, तो क्षण ज्याने अनुभवला आहे त्याला रिटार्डरची किंमत विचारायची गरज नाही.

मीटरवर दिसण्यावरून भाषेचे सांगतो. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, ट्रकच्या मीटरवर दिव्यांची गर्दी झाली. युरिया संपत आला, फिल्टरमध्ये काजळी भरली, गाडी बाजूला उभी करून काजळी जाळा, सेन्सर बिघडला. हे सगळे खुणांमध्ये आणि इंग्रजीत येते. चालकाला एकच कळते, की पिवळा दिवा लागला आहे. तो ‘मुक्कामाला बघू’ म्हणतो, आणि मुक्कामाच्या आधीच गाडीची ताकद कमी होऊन ती घाटात वीसच्या वेगाने रांगायला लागते. मागे तीन किलोमीटर रांग. मेकॅनिकचा लॅपटॉप शंभर किलोमीटरवर. दहा हजारांच्या मोबाइलमध्ये मराठी, पंजाबी, तमिळ, भोजपुरी सगळे चालते, तर तीस-चाळीस लाखांच्या ट्रकने चालकाशी त्याच्या भाषेत का बोलू नये? ‘पुढच्या ढाब्यावर गाडी उभी करा, हे बटण दाबा, चाळीस मिनिटे थांबा’, एवढे वाक्य आवाजात ऐकू आले तर कित्येक गाड्या रस्त्यात अडकणार नाहीत.

चालकाचा चेहरा टिपणारे, डोळा मिटला की भोंगा वाजवणारे कॅमेरेही येऊ लागले आहेत. माझा त्याला विरोध नाही, त्याने जीव वाचतात. पण त्याचा अहवाल मालकाकडे जातो आणि पगारातून पैसे कापले जातात, मग चालक त्या कॅमेऱ्यावर फडके टाकतो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती. किती तास गाडी चालवली याची पक्की नोंद ट्रकनेच ठेवली आणि ती चालकाच्याही हाती राहिली, तर ‘आज आणखी जाणार नाही’ म्हणायला त्याच्याकडे पुरावा असेल. झोप आलेल्याला जागे करणाऱ्या यंत्रापेक्षा त्याला झोपू देणारी गादी जास्त जीव वाचवेल.

बाकीच्या मागण्या लहान आहेत आणि त्यांना पैसाही फार लागत नाही. बर्थ सहा फूट असावा, आणि त्याचे कापड घामाने चिकटणारे रेक्झिन नसावे. पहिली पायरी खाली आणि खरबरीत असावी, पावसाळ्यात उतरताना किती जणांचे गुडघे जातात याची नोंद कुठे होत नाही. बाहेरच्या बाजूला स्टोव्ह आणि भांडी ठेवायला कुलपाचा खण आणि वीस लिटर पाण्याची नळाची टाकी हवी, म्हणजे कुणी केबिनमध्ये गॅस पेटवणार नाही. डिझेलच्या टाकीला आणि ताडपत्रीच्या बाजूला रात्री लागणारे दिवे हवेत. केबिनला आतून पक्की कडी आणि चारही बाजूंनी पडदा हवा. महिला या धंद्यात येऊ लागल्या आहेत, पण रात्री निर्धास्त झोपता येईल अशी केबिन नसेल तर त्यांनी यावे तरी कसे? आणि ती कडी आम्हालाही लागते.

वाघ साहेब, आपल्याकडे पुढच्या ट्रकची तयारी चालू असणारच. त्याचा नमुना तयार झाला की कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर आणा, दोन दिवस उभा करा, चालकांना आत बसू द्या, झोपू द्या, नावे ठेवू द्या. मालकांना बोलावू नका, ते शोरूममध्ये येतीलच. आणि त्या केबिनवर अखेरची सही करणाऱ्या अभियंत्याने आधी तिच्यात एक रात्र काढावी: मे महिन्यात, चंद्रपूरला, रांगेत, इंजिन बंद करून. सकाळी तो म्हणाला की झोप लागली, तरच गाडी बाजारात आणा.

आपला,
एक ट्रकचालक