गाइड मिळत नाही, म्हणजे नेमके काय मिळत नाही?

एम.ए. झाले, नेट पास झाली, आता फक्त गाइड मिळाला की झाले! आपल्या वस्त्यांतून पहिल्यांदाच विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्या कितीतरी मुला-मुलींची गाडी याच वाक्यावर अडलेली आहे. गाइड मिळत नाही याला आपण नशीब म्हणतो, ओळख नाही म्हणतो, कधी आपल्यातच काही कमी आहे असे मानून गप्प बसतो. आम्हाला हे मान्य नाही. हा जागांचा प्रश्न आहे आणि म्हणूनच हक्काचा प्रश्न आहे.

आधी हिशोब समजून घेऊ. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. गाइड कायमस्वरूपी पदावर असावा लागतो. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि ते पद भरलेच नाही, तर संशोधनाच्या ८ जागा बुडाल्या. त्या जागी तासिका तत्त्वावर चार जण आणून बसवले, तरी एकही जागा तयार होत नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षे पदे रिकामी राहतात, तेव्हा नेट-सेटधारकांच्या नोकऱ्या तर जातातच, पण त्यांच्या मागून येणाऱ्यांचे संशोधनही जाते. प्राध्यापक भरतीचे आंदोलन आणि पीएच.डी. प्रवेशाचा लढा हा एकच लढा आहे.

जागा मोजक्या उरल्या की मुलाखतीचे वजन वाढते. लेखी पेपर तपासणाऱ्याला आपले आडनाव दिसत नाही. मुलाखतीत आडनाव दिसते, गाव दिसते, इंग्रजीचा सूर ऐकू येतो. हा आमचा नुसता संशय नाही. जेएनयूमध्ये नेमलेल्या अब्दुल नाफे समितीने लेखी आणि तोंडी परीक्षेतल्या गुणांची तफावत तपासली आणि तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणण्याची शिफारस केली. तरीही २०१६ च्या नियमावलीने लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये ७०:३० चे सूत्र आले. आज नेटच्या गुणांवर प्रवेश मिळतो तिथे हेच सूत्र आहे. पण जेआरएफ मिळवणाऱ्याची निवड मात्र मुलाखतीवरच होते. सगळ्यात अवघड परीक्षा पास झालेल्याचा निकालही शेवटी बंद खोलीतच! त्यात एखाद्या विषयात दोनच जागा दाखवल्या, की १३ टक्के आरक्षणाचे गणित शून्यावर आणणे किती सोपे जाते, हे वेगळे सांगायला नको.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सारथीच्या फेलोशिपच्या चर्चेत पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला होता. त्याच वर्षी बार्टीचे संशोधक विद्यार्थी फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसले होते. या सवालाचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅममध्ये नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत मिळाली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि पुढे चलनाच्या प्रश्नावर त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. हे दिवे लागले, कारण बुद्धीला पैशाची आणि वेळेची साथ मिळाली. ती साथ सरकारने देणे म्हणजे उपकार नव्हे.

मग करायचे काय? नियमावलीतच एक हत्यार आहे. प्रत्येक विद्यापीठाने आपले गाइड, त्यांच्याकडचे विद्यार्थी, विषय आणि प्रवेशाची तारीख ही यादी संकेतस्थळावर ठेवून दरवर्षी अद्ययावत करणे बंधनकारक आहे. यादी उघडा, मोजा. ८ पैकी ५ विद्यार्थी असतील, तर ३ जागा कुठे गेल्या ते विचारा. यादीच नसेल, तर माहितीच्या अधिकारात मागा. मंजूर पदे किती, भरलेली किती, आरक्षित प्रवेश किती, लेखी आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळे किती, हे चार प्रश्न प्रत्येक विद्यापीठाला गेले पाहिजेत.

आणि एक काम आपल्या घरचे. आपल्यातले जे गाइड झाले, ज्यांच्या नावापुढे डॉक्टर लागले, त्यांनी वर्षातून दोन रविवार विहारात बसावे. संशोधन आराखडा कसा लिहायचा, विषय कसा मांडायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे पोरांना शिकवावे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्यांच्या पोरांना हे जेवताना कळते. आपल्या पोरांना ते विहारात कळू द्या.

‘शिका’ हा आदेश पदवीपाशी संपत नाही. ज्ञान कोण निर्माण करणार, हे ठरवणाऱ्या खोलीत आपली माणसे बसत नाहीत, तोवर तो अपुराच आहे.

जय भीम!