आपली मराठी ‘????’ होऊ देऊ नका

मागच्या महिन्यात सावेडीतल्या आमच्या शेजारच्या चाचांनी माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. “बेटा, तुझ्या चाचीचं लिखाण आहे. इंटरनेटवर टाकता येईल का?” चाची जाऊन सात वर्षं झाली. मुलींच्या शिक्षणावरचे त्यांचे मराठी लेख स्मरणिकांत छापून आले होते, पण ते अंक आता घरात नाहीत. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा.

कारण साधं आहे. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीसाठी श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर वापरली जात. त्या काळच्या बहुतेक फाँटमध्ये साठायचे ते इंग्रजी चिन्हांचे संकेतांक. फाँट त्यावर फक्त मराठी आकार चढवायचा. फाँट नाही, तर मराठीही नाही. इनपेजमधल्या जुन्या उर्दू फाइलींचीही अशीच अडचण होते.

त्या फाँटचा कन्व्हर्टर शोधून मी मजकूर युनिकोडमध्ये आणला. रफार आणि पहिल्या वेलांट्या सरकल्या होत्या. चाचा शेजारी बसून ओळ न् ओळ वाचत होते, मी दुरुस्त करत होतो. मग लेख वेबसाइटवर चढवले आणि पानभर प्रश्नचिन्हं! ही चूक माझी होती. डेटाबेसचं टेबल लॅटिन-१ मध्ये होतं. त्यात देवनागरीला जागाच नसते, म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी ‘?’ साठलं.

हा फरक लक्षात ठेवा. एका मराठी अक्षराच्या जागी तीन विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ते चुकीच्या पद्धतीने वाचलं जातंय, एवढंच. मजकूर बहुधा शाबूत असतो. पण एकदा प्रश्नचिन्हं साठली की मूळ अक्षर गेलं. ते कुठलाही कन्व्हर्टर परत आणत नाही. पेन ड्राइव्ह पुसला नव्हता, म्हणून चाचींचे लेख वाचले.

आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ शतकं उलटली तरी आज वाचता येतो, आणि वीस वर्षांपूर्वीचा लेख वाचता येत नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यानंतरची दीड-दोन दशकं याच जुन्या फाँटची होती. त्या काळात आपल्या माणसांनी जे लिहिलं, ते आज कुणाच्या तरी कपाटातल्या सीडीत पडून आहे.

ते वाचवणं हे आपल्या पिढीचं काम आहे, असं मला वाटतं. आपल्यापैकी कितीतरी जण वेबसाइट बनवतात. या सुट्टीत घरातल्या, मोहल्ल्यातल्या मोठ्यांकडे जुन्या फाइली मागा. आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि तिला हात लावू नका. पान, डेटाबेस आणि त्यांची जोडणी, तिन्ही यूटीएफ-८ वर ठेवा. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी यूटीएफ८एमबी४ निवडा. आणि रूपांतर झालं की मजकूर एखाद्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. चाचांनी पकडलेल्या चुका मला एकट्याला दिसल्या नसत्या.